मोठ्या संस्थांना नवी वाट कशी सापडते?

चंद्रपूरच्या आसमंतात फिरताना मोठमोठ्या संस्थांचे अस्तित्व डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे औष्णिक वीजकेंद्राची धुराडी, थोड्या अंतरावर बल्लारपूरची कागदगिरणी. पूर्वेस वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले, म्हणजे धुराडी मागे पडतात व अरण्य सुरू होते. परंतु मोठ्या संस्था काही मागे पडत नाहीत. तेथे दोन अवाढव्य संस्था पाड्यापाड्यापर्यंत पोहोचलेल्या आहेत. एक वनखाते आणि दुसरे आरोग्यखाते. या दोहोंच्या कारभारात हजारो माणसे राबतात, आणि त्या कारभाराच्या बऱ्यावाईटावर लक्षावधी माणसांचे जगणे अवलंबून असते.

अशा संस्थांविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्यांचा गाडा एकदा ज्या चाकोरीत पडला, त्या चाकोरीतून तो बाहेर निघत नाही. त्यांच्यात हुशार माणसे नसतात असे नाही. पैसा नसतो असेही नाही. तरीही नवे काही करावयाचे म्हटले, की तो गाडा जागच्या जागी रुतून बसतो. असे का व्हावे? आणि संस्थेच्या शिखरावर बसलेल्या माणसाला याबाबतीत नेमके काय करता येईल? या प्रश्नाचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे. त्यासाठी दूरदेशीच्या दृष्टांतांपूर्वी आपल्याच गडचिरोलीच्या मातीतील एक उदाहरण पाहू.

१९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९८६ साली, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य या जिल्ह्यात कामास आले व त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. दोघेही नागपुरास शिकलेले वैद्य. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले. धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावाजवळ त्यांचे ‘शोधग्राम’ वसले आहे. त्यांच्या सेवाभावाची स्तुती आजवर पुष्कळांनी केली आहे. मला त्यांच्या कार्यपद्धतीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या पद्धतीत दडलेले आहे.

रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींस विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे मिळाली ती कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात न आढळणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालून वावरतात, आणि आमच्यात पांढरे वस्त्र मृताच्या अंगावर घालतात. आजाऱ्याबरोबर नातलगांस राहू देत नाहीत. शिवाय तेथे आमचा देव नाही. या उत्तरांना कोणी अडाणीपणा म्हणून हसले असते. बंग दांपत्याने तीच उत्तरे नकाशा म्हणून वापरली. रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे उभारले, नातलगांच्या राहण्याची सोय केली, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देऊन देवीची स्थापनाही केली. ज्यांच्यासाठी संस्था चालवावयाची, त्यांनाच प्रथम प्रश्न विचारावा, एवढीच ही साधी गोष्ट. परंतु मोठ्या संस्थांत नेमकी हीच घडत नाही.

यापुढची गोष्ट अर्भकांच्या मृत्यूंची आहे. लहान मुले मोठ्या संख्येने न्यूमोनियाने दगावत होती. औषध ठाऊक होते, स्वस्त होते. पण डॉक्टर दूर, आणि पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी वाटा अडविलेल्या. तेव्हा गावातल्याच माणसाने रोग ओळखावा व औषध द्यावे, अशी योजना निघाली. न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे जलद श्वास. तो मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजावयाचे. पण पुष्कळ सुइणींना दहाबारापलीकडे मोजताच येत नव्हते! येथे एखाद्या खात्याने काय केले असते? ‘उमेदवार अपात्र’ असा शेरा मारून कागद बंद केला असता. शोधग्रामात मात्र सुईण बदलण्याऐवजी साधन बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी ओवलेली एक फळी तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली, की बाळाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. पिढ्यान् पिढ्या बाळंतपणे करणारी निरक्षर स्त्री त्या फळीच्या बळावर निदान करू लागली.

हे सारे खरे की नुसती हौस? याची परीक्षा त्यांनी स्वतःच घेतली. ५८ गावांत हा उपाय केला व ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. उपायाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनियाने होणारा मृत्यू दरहजारी ८.१ आढळला, तुलनेच्या गावांत तो १७.५ होता. ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यानंतर वळण आले नवजात बालकांचे. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जी बालके जातात, त्यांना वाचविण्यास रुग्णालयावाचून गत्यंतर नाही, असा त्या वेळी वैद्यकीय जगाचा दृढ समज होता. परंतु रुग्णालय कोणाच्या वाट्याला येत होते? ३९ गावांतील ७६३ नवजातांची वर्षभर घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, बालकांना वैद्यकीय उपचाराची आवश्यकता होती असे दिसले. आणि तो उपचार प्रत्यक्षात मिळाला होता अवघ्या २.६ टक्क्यांना. श्रोतेहो, या दोन आकड्यांमधील अंतरात किती पाळणे रिकामे झाले असतील, याची कल्पना आपणच करावी.

१९९३ पासून पहिली दोन वर्षे तर केवळ मोजणीतच गेली. त्यानंतर गावातच राहणाऱ्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना पायरीपायरीने शिकविण्यात आले. बाळाचे वजन कसे करावे, त्याला ऊब कशी द्यावी, गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करावा, आणि शेवटी, जंतुसंसर्ग झाला असता प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यावे. या शेवटच्या गोष्टीवर भुवया उंचावल्या. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? आक्षेप अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. वैद्यकाचे नियम भोंदूंपासून लोकांचे रक्षण करण्यासाठीच झालेले असतात. पण त्या आक्षेपाला वादाने उत्तर देण्यात आले नाही. परीक्षेने देण्यात आले. पुन्हा ३९ गावे उपायाची व ४७ गावे तुलनेची. तीन वर्षांच्या अखेरीस उपायाच्या गावांत नवजातांचा मृत्युदर दरहजारी ६२ वरून सुमारे २५ वर उतरला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आगेमागेच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ही हकीकत ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आली.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग येतो. नवी वाट सापडली होती, पुराव्यानिशी सिद्धही झाली होती. ती सापडली एका लहान संस्थेला. मोठ्या संस्थेने, म्हणजे सरकारी आरोग्ययंत्रणेने, ती वाट केव्हा धरली? महाराष्ट्रात इतर सात ठिकाणी निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांच्या हातून तिची पुन्हा परीक्षा झाली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन गावोगाव ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या गेल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजाताच्या घरी जाऊन भेटी देण्याचा पुरस्कार केला. आणि २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम ‘आशां’च्या हाती सोपविला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. आज देशाच्या कानाकोपऱ्यांत बाळाचे वजन करणारी जी ‘आशा’ताई आपणांस दिसते, तिच्या पाऊलवाटेचा आरंभ गडचिरोलीच्या त्या ३९ गावांत आहे.

ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण १९९९ ते २०११ ही बारा वर्षे होतात. एखाद्या कारखान्यात नवे यंत्र बारा वर्षे उशिरा आले, तर नफा बुडतो. येथे काय बुडाले, ते सांगावयास नको. शिवाय मोठ्या यंत्रणेतून जाताना त्या पद्धतीची धारही काहीशी बोथट झाली. इंजेक्शनाचा भाग सर्वसाधारणपणे ‘आशा’च्या हाती आला नाही, २०१४ साली तो विशिष्ट परिस्थितीत परिचारिकेच्या हाती देण्याचे नियम झाले. घाई न करण्यात शहाणपण असते. तथापि कोणता विलंब शहाणपणाचा व कोणता केवळ सवयीचा, हे ओळखणे हीच तर नेतृत्वाची कसोटी आहे.

मग असा विलंब कशाने होतो? माझ्या मते त्याचे मूळ कल्पनांच्या अभावात नाही. ते आहे वाईट बातमी वर न जाण्यात. २००१ साली डॉ. बंग व महाराष्ट्रातील अनेक संस्था यांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ नावाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. बालमृत्यूंची प्रत्यक्ष संख्या सरकारदरबारी नोंदल्या जाणाऱ्या संख्येपेक्षा फार मोठी आहे, हे त्यात दाखविले होते. हे मृत्यू कागदावरून नाहीसे कसे होत असतील? त्यासाठी कोणा दुष्टाच्या कारस्थानाची गरज नसते. तळाच्या कर्मचाऱ्याने मृत्यू नोंदविला, की त्यालाच जाब विचारला जातो. न नोंदविला, तर कोणी विचारीत नाही. दोनचार वेळा असा अनुभव आला, की लेखणी आपोआप जड होते. मग तालुक्याचा आकडा बरा दिसतो, जिल्ह्याचा अधिकच बरा, आणि राजधानीत पोहोचेतो दुःख नाहीसे झालेले असते. ज्या संस्थेत कागदावर दुःखच नाही, तिला उपाय शोधण्याची बुद्धी कोठून व्हावी? या अहवालानंतर शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यूंची तपासणी करणारी समिती नेमली, ही गोष्ट शासनाला भूषणावह होय. ज्याने दोष दाखविला, त्यालाच तपासणीस बसविणे हे मोठ्या मनाचे लक्षण आहे. असे मोठे मन मोठ्या संस्थेत नित्याचे व्हावयास हवे.

आता त्याच धानोऱ्याच्या वाटेने थोडे पुढे जाऊ. कठाणी नदीच्या परिसरात मेंढा-लेखा नावाचे एक लहानसे गोंड गाव आहे. येथे गाठ पडते दुसऱ्या मोठ्या संस्थेशी, वनखात्याशी. या गावात देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी व ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून एक प्रथा रुजली. गावाने अभ्यासगट चालवावयाचे, कायदा समजून घ्यावयाचा, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यावयाचा. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यानंतर, २००९ साली, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

हक्क मिळाला, पण बांबू विकावयास निघाले तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला वृक्ष ठरविले होते, आणि खाते त्या व्याख्येवर अडून बसले. उलट २००६ च्या कायद्याने बांबू हे गौण वनोपज म्हणून स्पष्टपणे नमूद केले होते. वनस्पतिशास्त्र तर बांबूला गवताच्या कुळात घालते! गावकऱ्यांस उमगलेली गोष्ट खात्यास उमगेना, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अरण्याची चोरी पुष्कळ झालेली आहे, आणि परवान्याचा नियम त्या चोरीच्या अनुभवातूनच जन्मला आहे. पण ज्या कारणासाठी नियम झाला ते कारण या गावी आहे काय, हे पाहण्याचा अधिकार तळाच्या अधिकाऱ्यास नव्हता. किंवा असला तरी तो वापरण्याची त्याची छाती नव्हती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश हे स्वतः मेंढ्यास आले आणि वाहतूक-परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांस असे वनहक्क मिळाले, आणि २०१७ साली वृक्षाच्या व्याख्येतून बांबूचे नाव वगळण्यात आले.

मंत्र्यांनी केले ते योग्यच केले. परंतु माझ्या मनात एक विचार येतो. दिल्लीच्या मंत्र्याने गडचिरोलीच्या अरण्यात येऊन एक परवानापुस्तक द्यावे, तेव्हा कोठे बांबू हलावा, यात त्या मंत्र्याचा गौरव आहे, आणि त्या यंत्रणेचा पराभवही आहे. मंत्री किती गावी जाणार? जी संस्था शिखरावरील एका माणसाच्या धडाडीवरच हलते, ती त्या माणसाबरोबरच थांबते.

या दोन उदाहरणांतून एक सूत्र मला दिसते. मोठ्या संस्थेत नवी वाट बहुधा तळाशी सापडते. कारण काट्याचा सल ज्याच्या पायाला असतो, त्यालाच काटा कोठे आहे हे कळते. सुईण, ‘आशा’, वनरक्षक, खाणीतील कामगार, गिरणीतील फिटर यांच्यापाशी प्रश्नही असतात आणि पुष्कळदा उत्तरेही असतात. शिखरावरील माणसाचे काम स्वतः कल्पना लढविण्याचे नाही. तळातील सत्य विनाअडथळा वर येईल आणि तळातील माणसाला प्रयोग करण्याची मोकळीक मिळेल, अशी व्यवस्था त्याने करावयाची असते.

जपानातील टोयोटा या मोटारींच्या कारखान्यात अशी व्यवस्था आहे, की कामात दोष दिसताच साधा कामगारही दोरी ओढून मोटारींची सारी रांग थांबवू शकतो. दोरी ओढणाऱ्याला तेथे दंड होत नाही. त्याच्या मदतीस वरिष्ठ धावून येतो. आपल्या खात्यांत व कारखान्यांत अशी दोरी कितीशा ठिकाणी आहे? आणि जेथे आहे, तेथे ती ओढणाऱ्याचे पुढे काय होते?

जे श्रोते एखाद्या कचेरीचे, शाळेचे, कारखान्याचे वा खात्याचे प्रमुख असतील, त्यांना माझी विनंती आहे. वाईट आकडा घेऊन आलेल्या माणसाला प्रथम बसावयास खुर्ची द्या. जाब मागाहून विचारा. नव्या कल्पनेला एकदम सारा प्रांत देऊ नका, पण चाळीस गावे अवश्य द्या, आणि तुलनेला दुसरी चाळीस गावे ठेवा, म्हणजे यशापयश कोणाच्या तोंडपुजेपणावर अवलंबून राहणार नाही. प्रयोग फसला तर करणाऱ्याच्या सेवापुस्तकात त्याची शाई लागू देऊ नका. ‘याला हे जमणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी फळी आणि मणी आठवा. कदाचित माणूस पात्र असेल आणि साधनच अपात्र असेल. आणि प्रयोग सफल झाला, तर त्याचा केवळ सांगाडा सर्वत्र पाठवू नका. शोधग्रामातील यश औषधाच्या पेटीत नव्हते. ते महिनोन्महिने दिलेल्या शिक्षणात, पाठीशी उभ्या असलेल्या देखरेखीत आणि पडताळून पाहिलेल्या नोंदीत होते. पेटी सर्वत्र पोहोचली आणि देखरेख मागे राहिली, तर नाव तेच राहते, पण बाळ वाचत नाही.

हे सारे करण्यास पैसा फारसा लागत नाही. लागते ती एकच दुर्मीळ वस्तू: आपल्याहून खालच्या पायरीवरील माणसाला आपल्याहून अधिक ठाऊक असू शकते, हे मान्य करण्याची नम्रता. गडचिरोलीच्या अरण्यातील निरक्षर सुईणीने विद्वानांना हा धडा दिला. ज्यांनी तो घेतला, त्यांच्या हातून बालके वाचली. ज्यांना तो घेण्यास वेळ लागला, त्यांच्या विलंबाचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पण त्या विलंबामुळे रिकामे झालेले पाळणे त्या घरांच्या स्मरणात राहतील.